फांगआजोबांची तिसरी रेघ

चीनमधल्या यांगचौ शहराच्या बागेत फांग हुआईचिंग म्हणजे अक्षरांचे सम्राट! निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं. रोज सकाळी कमरेएवढा ब्रश बादलीत बुडवून ते फरशीवर पाण्याने अक्षरं काढायचे. शनिवारी तर बघ्यांची गर्दी व्हायची. कुणी "वा, फांगमास्तर!" म्हटलं की पुढचं अक्षर दुप्पट मोठं! टपाल कचेरीत जन्मभर शिक्के मारलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मास्तर म्हणतात, हे सुख काही साधं नव्हे.

त्यामुळे पहिलीतल्या शाओमानला शनिवारी अक्षरांच्या शिकवणीला घालायचं, असं सुनेनं, मियाओ लाननं, काढलं तेव्हा त्यांचा पाराच चढला.

"माझ्या नातीला शिकवणी? अगं, माझ्या अक्षरांचे लोक फोटो काढून नेतात!"

"बाबा, शाळेत रेघांचा क्रम विचारतात. कुठली आधी, कुठली नंतर."

"मग मी काय साठ वर्षं उलटा लटकून लिहितोय?"

"बरं. परीक्षेत दहापैकी दहा पडले तर शिकवणी रद्द. नाहीतर दर शनिवारी सकाळी तिला तुम्हीच न्यायचं."

"कबूल!"

शनिवार गेला म्हणजे बघे गेले, आणि बघे गेले म्हणजे मास्तरकी गेली. पण आजोबा कशाला घाबरतात! पंधरा दिवस त्यांनी पोरीला नुसतं रगडलं.

"आजोबा, शाळेत लुओबाई ही रेघ आधी काढतात."

"बाईंचं वय काय?"

"सव्वीस."

"मग झालं तर!"

परीक्षेत प्रश्न होते, अमक्या अक्षरातली तिसरी रेघ कोणती, तमक्यातली दुसरी कोणती. शाओमानला दहापैकी तीन पडले. चुकलेली सातही उत्तरं खास आजोबांच्या हातची!

दुसऱ्या दिवशी आजोबा तरातरा थेट वर्गात घुसले. "बाई, तुमचा पेपर चुकलाय!"

लुओबाई गोड हसल्या. अशी माणसं त्यांना दर वर्षी भेटत असावीत. "या ना आजोबा. फळ्यावर एखादं अक्षर काढून दाखवा. तुमचं आडनावच काढा."

आडनाव! चार रेघांचं फांग! आजोबांना दयाच आली. त्यांनी ऐटीत खडू उचलला. तेवढ्यात मागे चाळीस पोरांनी सवयीनं बोटं हवेत उगारली आणि त्यांच्याबरोबर मोठ्यानं म्हणत हवेत अक्षर गिरवायला सुरुवात केली.

"टिंब!" आजोबांनी टिंब काढलं.

"आडवी!" आडवी काढली.

"वळून आकडा!" पोरं ओरडली, बोटं उजवीकडे जाऊन खाली आकड्यासारखी वळली. आणि आजोबांचा खडू सुळकन डावीकडे तिरका उतरला.

चाळीस बोटं एकीकडे, आजोबा एकीकडे! मग सगळे एका सुरात, "चूऽऽक!" शाओमाननं तोंडासमोर पुस्तक धरलं.

"अहो, पण शेवटी दिसतं तर तसंच ना?" आजोबांनी उरलेली रेघ घाईघाईनं ओढली.

"दिसण्याचे मार्क नसतात, आजोबा. क्रमाचे असतात," पहिल्या बाकावरची एक दात पडलेली चिमुरडी म्हणाली.

बागेत आजवर हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, कसं येणार! बघे मास्तरांच्या तोंडाकडे बघत 'वा' म्हणायचे आणि पाणी दोन मिनिटांत वाळून जायचं.

शनिवारी आजोबा शाओमानला शिकवणीला घेऊन गेले. तिला सोडून हळूच बागेकडे सटकावं, असा बेत होता. तर दारातच शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "आत या ना! सूनबाईंनी दोन नावं घातलीत."

आजोबा गुडघे हनुवटीला लावून इवल्याशा बाकावर बसले. वर गृहपाठही मिळाला! एकच अक्षर, शंभर वेळा. कुठलं, ते विचारू नका. खाली घरच्या माणसाची सही लागते. लाननं मान हलवली. "मला वेळ नाही, बाबा. शाओमानकडून घ्या."

शाओमाननं शंभर अक्षरं बोटानं हवेत गिरवून तपासली. मग पेन्सिल घेतली आणि अगदी सावकाश, आजोबांना नीट दिसेल अशी तिसरी रेघ दाबून काढत, सही केली. वर शेराही मारला.

"पाहिलं. अजून सराव हवा. फांग शाओमान, इयत्ता पहिली."