ओळंब्यातले डॉक्टर

नौपाड्यातल्या डॉ. मोऱ्यांकडे दात दाखवायला गेलात, तर आधी चपला काढून छतावरून लोंबणाऱ्या ओळंब्यासमोर उभं राहावं लागतं. होय, ओळंबाच. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो. "तोंड कुठं पळून जात नाही. आधी पाय दाखवा!" हे त्यांचं स्वागत.

सरळपणाचं वेड इतकं, की मोरे भाजीला निघाले की अख्खा नौपाडा ताठ होतो. "हनुवटी आत! खांदा खाली!" मी शपथेवर सांगतो, कोपऱ्यावरचा कललेला विजेचा खांब एकदा त्यांना बघून दचकला आणि सरळ झाला. कोणाकडे गेले तर चहाआधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करणार.

माझी मुक्ता सतरा वर्षांची. हनुवटी डावीकडे सरकलेली. कॉलेजात कोणीतरी हसलं आणि पोरीनं तोंडावर ओढणी धरली, ती सोडेचना. लग्नकार्य बंद, घरातलं हसणंही बंद. डोंबिवलीत काढून घेतलेले तिचे फोटो मी मोऱ्यांपुढे ठेवले. त्यात चेहरा चक्क सरळ!

"पोरगी हुशार आहे," ते म्हणाले. "मान कलती करून वाकडेपणा लपवते. फोटोवाला फसला."

ओळंब्यासमोर त्यांनी तिची मान सरळ केली तशी समोरच्या आरशात बघून मुक्ता रडायलाच लागली. "सर, आता किती वाकडं दिसतंय!"

"दिसू दे की गं. दिसलं तर दुरुस्त करीन ना!"

"म्हणजे ताठ उभी राहिली की जबडा सरळ होईल?" मी आशेनं विचारलं.

"अहो पाटकर, तसं असतं तर कवायत करून सगळ्या पोलिसांचे दात मोत्यासारखे झाले असते! काम दातांवरच्या तारा करतील. पण भिंत किती कललीय ते बघितल्याशिवाय गिलाव्याला हात घालू नये."

दोन वर्षांनी तारा निघाल्या. मुक्ता आरशात बघून अशी हसली, की खालच्या वाण्यानं वर पाहिलं म्हणे. मला तर डॉक्टरांचे पाय धरावेत की काय असं झालं. तेवढ्यात ओळंब्यासमोरच्या भिंतीवर, दोन वर्षांत कधी लक्ष न गेलेली, एका म्हाताऱ्याची तसबीर दिसली. साफ तिरकी! या माणसाच्या दवाखान्यात? उपकार फेडायला मी लगेच हात उचलला.

"हात लावू नका!"

दोन वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता.

"बाबा, इथून बघा," ओळंब्यामागून मुक्ता हळूच म्हणाली. मी तिच्याजवळ जाऊन एक डोळा मिटला. दोरी म्हाताऱ्याच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून सरळ खाली उतरत होती.

"आबा माझे," मोरे चष्मा पुसत म्हणाले. "कोपरीतले गवंडी. हा ओळंबा त्यांचाच. गोण्या वाहून वाहून मान एका बाजूला गेलेली. मी डॉक्टर व्हायच्या आत गेले. हा एवढाच फोटो आहे. चौकट राहू दे वाकडी. आबा सरळ आहेत."

कोणी न सांगता मी चपला काढल्या आणि दोन्ही पायांवर सारखा भार टाकून आबांसमोर उभा राहिलो.