अखंड काठीची किंमत

अमेरिकेतल्या शबॉयगन गावात पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या जुन्या काठ्यांची पारख वाल्डो ग्रुबरइतकी कुणालाच नाही, असं खुद्द वाल्डो ग्रुबरचं ठाम मत होतं. बारच्या भिंतींवर धूळ खात पडलेल्या अखंड काठ्या हेरायच्या, मातीमोलानं घ्यायच्या, घरी लेथवर अचूक जागी कापून पितळी आटे बसवायचे, की दोन भागांची झोकदार काठी तयार! निवृत्तीनंतरचा त्याचा हाच उद्योग. माल जितका अस्सल, तितका चेहरा कंटाळलेला ठेवायचा, हे त्यातलं त्याचं तत्त्व.

हॉर्टेन्सबाई आपला बार बंद करणार म्हणून शुक्रवारी दुपारी तो तिथं गेला आणि तत्त्वाची कसोटीच लागली. त्यानं भिंतीवरची एक काठी टेबलावर लोटली. ती पाण्यासारखी घरंगळत गेली. कुठं डगमग नाही. मुठीकडच्या शिसवी लाकडाच्या चार टोकदार जिभा पांढऱ्या मेपलच्या लाकडात अशा शिरलेल्या, की सांधा नखालाही लागेना. अशी काठी तो चाळीस वर्षं शोधत होता. त्याला टोपी काढून उभं राहावंसं वाटलं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि जांभई दिली.

"अख्खी आहे ना, तिथंच घोळ आहे, बाई," तो म्हणाला. "कापल्याशिवाय हिला काही किंमत नाही. त्यात माझ्या गाडीतही मावायची नाही. तीस डॉलर देतो, तेही तुमच्याकडं बघून."

बाई ओशाळल्या. काठी बांधून देते, तोवर निदान तळलेले मासे तरी खाऊन जा, म्हणाल्या आणि ती आत घेऊन गेल्या. घाई दिसली तर संशय येईल, म्हणून वाल्डो दोन ताटं जेवला. आत कुठंतरी करवत चालली होती. काठीला चांदीची कडी शोभेल की हस्तिदंती, या विचारात त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

एवढ्यात बाईंचे दीर एल्रॉय वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं घेऊन आले. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस.

"वहिनी म्हणाली, कापायची आहे. दोनच तुकडे करणार होतो, पण बाहेर जाऊन तुमची डिकी मापली," ते म्हणाले. "तीन केले. कडाही घासल्यात."

वाल्डोनं पुडकं सोडलं. चारही जिभा मधोमध कापल्या गेल्या होत्या.  त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले.

 एल्रॉयनी वाल्डोच्या खांद्यावर हात ठेवला.

"पन्नास वर्षं करवत चालवतोय मी. पण वहिनी, आपला काप बघून रडणारा जाणकार आजच भेटला."