बादलीतले वीस बेडूक

सुचेता बाथरूममध्ये शिरली आणि जागीच थबकली. काल दोन बादल्यांत दहा-दहा बेडूक होते. आता एकाच बादलीत वीस बसले होते.

"आंघोळीला बादली नको का?" तिचा नवरा आल्हाद टॉवेलने डोकं पुसत म्हणाला. "बेडूक ते बेडूकच."

सुचेता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होती. डोंगरावरचे बेडूक सावकाश वाढतात आणि जास्त जगतात, हे आपल्या भागात खरं ठरतं का, हा तिच्या पीएचडीचा विषय. प्रयोगशाळेत रंगकाम चालू, म्हणून बेडूक घरी. खाली सपाटीवरच्या कशेळी गावचे दहा तिने स्वतः चिखलात उतरून धरले होते. वज्रेश्वरीमागच्या डोंगरावरचे दहा आल्हादने मोठ्या उत्साहाने आणून दिले होते. उद्या मापं घ्यायला तिचे मार्गदर्शक सर येणार होते.

"सोपं आहे," आल्हाद म्हणाला. "लहान ते वरचे, मोठे ते खालचे. कर वेगळे."

"अरे, तेच तर तपासायचंय. आधीच तसे वेगळे केले तर सर मोजणार काय?"

एवढ्यात एक बेडूक उडी मारून उघड्या दारातून थेट समोरच्या रंजितावहिनींकडे गेला. त्या डायनिंग टेबलावर चढल्या. आल्हादने त्याला फ्रिजखालून काढलं, पण तोवर वहिनींचा डोसा करपला आणि त्याचंही ऐकून घ्यावं लागलं.

परत येतात तो दारात भागी उभी. डोंगरावरच्या पाड्यातून ती दर मंगळवारी रानभाजी घेऊन येई. सुचेताने भाजी बाजूला ठेवली आणि तिला बादलीपाशी नेलं.

"भागीताई, यातले तुमच्या डोंगरावरचे कुठले, सांगता येईल?"

भागीने एकेक बेडूक उचलून उलटा करून पाहिला. सगळे संपले.

"यात आमचा यक पन न्हाय, बाय. आमचा कालपट असतो, पाठ खरखरीत. ये सगले खालचे, शेतातले."

सुचेताने वळून पाहिलं. आल्हाद टॉवेलची घडी घालत होता.

"मग वहीत उंची चारशे मीटर कुठून लिहिलीस?"

"मोबाइलवर बघून."

"आणि बेडूक?"

"इथल्याच शेलार गावच्या ओढ्यातले," तो म्हणाला. "ऊन फार होतं गं." मग त्याचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे एका बादलीत ओतले तरी काही बिघडलं नाही."

सुचेताने सरांना फोन करून आठवडाभराची मुदत मागून घेतली, रिकामी बादली आल्हादच्या हातात दिली आणि भागीला म्हणाली, "जाताना ह्यांना वर घेऊन जाल?"

भागीने आल्हादच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं.

"नेतंय. पन चढ लई हाय. उमर काय यांची?"

"एक्केचाळीस," सुचेता म्हणाली. "डोंगरावर जास्त जगतात का, ते वरून आल्यावर बघू."