गद्र्यांचा वास

गद्रे बेल वाजवत नसत. दारापासून चार हात लांब उभे राहून विचारत, "येतोय का हो?"

विचारायचं असे ते वासाबद्दल. आणि वास यायचाच. सडक्या अंड्यांचा, वर रॉकेलची फोडणी. झोटवाड्याच्या बसमध्ये कंडक्टर म्हणायचा, "भाईसाब, पीछे, खिड़की के पास." हे निमूट मागे जाऊन बसायचे. आमच्या जयपूरच्या वसाहतीत मराठी बिऱ्हाडं दोनच, त्यांचं आणि आमचं. त्यामुळे तो वास सोसणं माझ्या नशिबी.

गद्रे खनिजांच्या प्रयोगशाळेत होते. तांब्याच्या दगडात मॉलिब्डेनम नावाचा महागडा धातू चिमूटभर असतो. दगड दळायचा, पाण्यात ढवळायचा, हवा सोडायची, की दोन्ही फेसाबरोबर वर येतात. मग सोडियम सल्फाइड घालून तांब्याला खाली दाबायचं आणि रॉकेलच्या थेंबांवर मॉलिब्डेनम तेवढं वर काढायचं. बस, एवढंच. ते वर्षानुवर्षं जमत नव्हतं. कधी तांबंही वर यायचं, कधी दोन्ही तळाला. "तांबं ऐकत नाही हो," गद्रे म्हणायचे, घरातल्या कार्ट्याबद्दल बोलावं तसं.

आमच्याकडे डाळ शिजायला लागली की स्वारी थेट स्वयंपाकघरात. "वहिनी, फेस काढू नका, जरा बघू द्या." माझी बायको एका हातात पळी, दुसऱ्याने पदर नाकाला लावून उभी. डाळ उतू जायची.

त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, मिरजेला माहेरी गेल्या होत्या. का, तर वास. "काम फत्ते झालं की वास जाईल, वास गेला की ती येईल," हे गद्र्यांचं ठरलेलं. म्हणून सुट्टीच्या दिवशीही हा माणूस फेस खरवडायला हजर. मला चीड यायची. म्हणायचो, अहो, गाडीत बसा आणि घेऊन या त्यांना.

"असा वास घेऊन?" ते म्हणत. संपलं बोलणं.

मग वरून हुकूम आला. मॉलिब्डेनमचं काम बंद, खर्च परवडत नाही. गद्र्यांना फायलींच्या टेबलावर बसवलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. हळूहळू वास गेला. कंडक्टर त्यांना पुढची सीट द्यायला लागला. मी म्हटलं, "सुटलात गद्रे. आता वहिनींना बोलवा."

त्यानंतर ते आमच्याकडे यायचेच बंद झाले. शेवटी एका रविवारी सकाळी मीच गेलो. जानेवारीतली जयपूरची थंडी, आणि गद्रे अंगणातल्या नळाखाली बसून वजरीने अंग घासत होते. कोपरं लालभडक झाली होती.

"मिरजेला ट्रंक कॉल लावला होता," ते वर न बघता म्हणाले. "म्हटलं, वास गेला, आता ये. तर म्हणाली, वासाचं काय घेऊन बसलात."

 

त्यांनी हात पुढे केला. "बघा बरं. येतोय ना अजून?"

मी वाकून हुंगलं. नुसता साबण.

"येतोय," मी म्हटलं. "थोडासा."

"वाटलंच मला," गद्रे म्हणाले, आणि पुन्हा साबण लावायला लागले.