पट्टा कोणाच्या नावावर

जी माणसं कधी जन्मलीच नव्हती, त्यांना आमच्या भावजींनी महालय अमावास्येला तिळाचं पाणी दिलं. एकदोघांना नाही, अख्ख्या गावाला. आणि ते गाव तंजावूर जिल्ह्यात नव्हतं, कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं. ते कॉम्प्युटरच्या खेळात होतं.

त्यांनी त्या गावाचं नाव घेतलं, तेव्हा मी तुपाचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातातली पळी तुपात पडली, ती काढायचंही मला सुचलं नाही.

भावजी म्हणजे सेतुराव, माझे थोरले दीर. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत सर्वेअर होते. उभा जन्म साखळी घेऊन दुसऱ्यांची शेतं मोजली. जाऊबाई गेल्या, पाठोपाठ नोकरी संपली, तेव्हा एक ट्रंक आणि एक पितळी कंपास घेऊन आमच्याकडे तंजावूरला राहायला आले. मोजायची सवय मात्र कचेरीत ठेवून आले नाहीत. माझ्या स्वयंपाकघरापासून विहिरीपर्यंत सतरा पावलं आहेत, हे मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर त्यांच्याकडून कळलं.

त्यांचा एकच प्रश्न असे, "पट्टा कोणाच्या नावावर?" पट्टा म्हणजे जमिनीचा मालकी कागद. नवी इमारत दिसली की हा प्रश्न. देवळात गेलं की हा प्रश्न. एकदा पापनाशमला लग्नाला गेलो होतो. मंडपाची जागा मूळची तळ्याची आहे, असं यांना कुठूनसं कळलं. झालं. पंगतीत बसेनात. रस्त्यापलीकडे, हद्दीच्या बाहेर, उभ्यानं जेवले. मुलीचा बाप सोवळं सावरत पायसमची वाटी घेऊन रस्ता ओलांडतोय, हे पाहून मला भुईत शिरावंसं वाटलं. भावजींनी वाटी घेतली, पायसम छान झाल्याचं सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमची चूक नाही, तळ्याला विचारलं कुणी?"

एका शब्दाची त्यांना फार चीड होती. पोरंबोक. ज्या जमिनीला मालक नाही, तिला आमच्याकडे सरकारी दप्तरात पोरंबोक लिहितात. तमिळमध्ये बिनकामाच्या माणसाला शिवीही हीच. बसमध्ये कुणी ही शिवी दिली, तरी भावजी मागे वळून त्याला समजावत. म्हणत, "पोरंबोक असं काही नसतं. कचेरीनं विचारायचा कंटाळा केला, की पोरंबोक लिहितात."

आता तो खेळ. घराच्या पुढच्या पडवीत आमच्या ह्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट. जिकडे तिकडे कॉम्प्युटरचं वारं सुटलं आणि पोरी टाइपरायटरला हात लावीनात. ह्यांनी चार मशिनं विकून एक कॉम्प्युटर आणला. दुकानदारानं त्याबरोबर खेळाची एक चकती फुकट दिली. दुपारी दोन ते चार वर्ग रिकामा असे. भावजी एकदा सहज त्या खुर्चीत बसले, आणि मग ती खुर्ची दुपारची त्यांचीच झाली.

खेळात एक तलवारवाला माणूस. त्यानं राक्षस मारायचे, सोनं गोळा करायचं. भावजींनी एकही राक्षस मारला नाही. राक्षस आला की ते आपला माणूस भिंतीआड उभा करीत आणि म्हणत, "अतिक्रमणवाला आहे, जाईल." त्यांचं लक्ष होतं रानाच्या टोकाला असलेल्या एका ओसाड गावावर. तिथं फार पूर्वी मोरेथ नावाचे लोक राहत, एवढंच खेळात सांगितलेलं. ते कोण, कुठं गेले, काही नाही.

"मोरेथ. ऐकलंस?" ते मला म्हणाले. मी थोरल्या दिरांसमोर फार बोलत नाही, मान हलवली. "मराठे. अक्षर थोडं घसरलंय. तिकडून कुठून तरी आले, राज्य केलं, राज्य गेलं. आता दगड तेवढे राहिलेत."

मी हबकून पडद्याकडे पाहिलं. मला तर त्या घरांवर लांब कानांच्या बायकांची चित्रं काढलेली दिसत होती.

त्यांनी ते गाव मोजायला घेतलं. तलवारवाल्याला भिंतीच्या कडेनं चालवायचं आणि पावलं मोजायची. सर्वेचा मोठा कागद आणला, त्यावर घरं काढली. प्रत्येक घराला नंबर, प्रत्येक खोलीत बारीक अक्षरात नोंद. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावूरचे मराठी. बोलणं मराठी असलं तरी भावजींना लिहायला तमिळ अक्षरंच येतात, आमच्याकडे बहुतेकांना तसंच. मला आईनं परकराच्या वयात ही मराठी अक्षरं शिकवली म्हणून मी हे लिहू शकते. बाकी माझी शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ.

तरी त्या नकाशात मला एक चूक सापडली. गावाच्या पूर्वेच्या टोकाला शेवटचं घर होतं, त्यात आतली एक लहान खोली. तिचं दार काही केल्या उघडत नसे. त्या खोलीवर भावजींनी 'पाळ' असं लिहिलं होतं. मोडून पडलेल्या, ओसाड जागेला तमिळमध्ये पाळ म्हणतात. पण त्यातला ळ वेगळा, जीभ पार मागे वळवून म्हणायचा. भावजींनी साधा ळ काढला होता. या दोन अक्षरांपायी मी चौथीत हातावर छड्या खाल्ल्यात. जन्मभर सरकारी कागद लिहिलेला माणूस असा चुकतो, याचं मला नवल वाटलं आणि, खोटं का सांगू, जरा बरंही वाटलं. आणखी एक मनात आलं. दार तर धड आहे, मग मोडलंय कुठं? पण विचारलं नाही.

रोज चार वाजायला आले की भावजी तलवारवाल्याला त्या दारापाशी नेत. तो तिथं नुसता उभा. पडवीत शिकायला आलेल्या पोरी चपला काढून खोळंबायच्या. मग भावजी म्हणत, "बरं, येतो," आणि मशीन बंद करीत. कुणाला म्हणत होते कोण जाणे. पोरी तोंडाला ओढणी लावून हसत.

पुढं ह्यांनी टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट घेतलं आणि कळलं की जगभर लोक याच कामाला लागलेत. मला हा दुसरा धक्का. मोरेथ कुठं गेले, यावर शिकलीसवरलेली माणसं एकमेकांना पत्रं लिहीत होती. कुणी म्हणे साथ आली. कुणी म्हणे समुद्र चढला. एकाचं म्हणणं, त्यांनी मंत्र म्हणून स्वतःचे पक्षी करून घेतले. भावजींनी कचेरीच्या इंग्रजीत उत्तर धाडलं. ह्यांनी टाइप केलं. सुरुवात 'वरील विषयास अनुसरून', शेवट 'आपला विश्वासू'. आत लिहिलं होतं की चुलीवर भांडं नाही, खाटा उभ्या करून ठेवल्यात, झाडू दाराआड आहे. घर झाडून गेलेले लोक मेलेले नसतात. आणि पूर्वेच्या खोलीचं दार आतून लावलेलं आहे. म्हणजे आत कुणी तरी आहे.

त्या लोकांना ही पत्रं फार आवडली. ते भावजींना 'सर्वेअर सर' म्हणू लागले. दुपारी जेवताना हे आम्हाला उत्तरं मराठीत सांगत. भावजी ताकभात कालवत ऐकत आणि मधेच म्हणत, "त्याला लिही, पक्ष्यांच्या नावावर पट्टा होत नाही."

आणि एका दुपारी तो खेळ तयार करणाऱ्यांपैकीच एकाचं पत्र आलं. साधा, सभ्य माणूस असावा. त्यानं लिहिलं होतं, इतकी मेहनत पाहून आम्हाला संकोच वाटतो, पण त्या गावात कुणीच राहत नव्हतं. वेळ उरला नव्हता, म्हणून नकाशाचा कोपरा रिकाम्या घरांनी भरला. मोरेथ हे नुसतं नाव. ते दार म्हणजे भिंतीवर काढलेलं चित्र आहे. त्याच्यामागे खोलीच नाही.

भावजींनी ते ह्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"म्हणजे पोरंबोक," ते म्हणाले आणि ताकभात न घेताच पानावरून उठले.

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पुढचे दिवस ते पडवीकडे फिरकले नाहीत. पावलं मोजणंही थांबलं. विहिरीवर जायचे ते नुसते जायचे. ह्यांनी एकदा थट्टा करून पाहिली, "अण्णा, आपल्या घराचा पट्टा कोणाच्या नावावर?" भावजी म्हणाले, "तुझ्या," आणि कूस बदलली. नको वाटणारा प्रश्न बंद झाला, तर घर असं भकास होईल, हे मला कुठं माहीत होतं?

मग महालय अमावास्या आली. वाध्यार, म्हणजे आमचे पुरोहित, घाईतच होते, त्यांना आणखी दोन घरं करायची होती. आई, वडील, आजोबा, मग जाऊबाई, असं पाणी सुटलं. शेवटी ज्यांच्याबद्दल माया आहे, अशा इतरांची नावं घेतात. वाध्यारांनी विचारलं, आणखी कोण?

भावजी म्हणाले, "मोरेथ."

गोत्र? माहीत नाही. माहीत नसेल तर काश्यप, वाध्यार म्हणाले. नातं काय? ओळखीचे. किती जण? भावजींनी मान न वळवता मला हाक मारली, "अगे, तो नकाशा आण."

आमचे हे लाल झाले. मराठीत हळूच म्हणाले, "अण्णा, तो खेळ आहे. तिथं कुणी नव्हतं."

"ठाऊक आहे. जन्मले नाहीत, जगले नाहीत, मग त्यांना आजवर कुणी पाणी दिलं असेल?"

वाध्यारांनी घड्याळाकडे पाहिलं. तीळ आहेत, पाणी आहे, होऊन जाऊ द्या, असं म्हणाले.

भावजींच्या बोटात दर्भ, ओंजळीत तीळ, म्हणून नकाशा मी धरला. इतक्या जवळ मी त्यांच्यासमोर कधी उभी राहिले नव्हते. ते एकेका घराचा नंबर म्हणत, वाध्यार मंत्र म्हणत, पाणी ताम्हनात पडे. माझे हात भरून आले. मनात म्हटलं, हा माणूस पुरता गेला, आता आवरणार कोण? असं करत पूर्वेच्या टोकाचं घर आलं. भावजींनी नंबर म्हटला नाही. माझ्या हातातल्या कागदावर दर्भाचं बोट टेकवलं.

वाध्यारांनी वाकून वाचलं, "पाळ. ओसाड घर का? बरं," आणि मंत्र सुरू केला.

त्या मंत्राखाली भावजी काही तरी पुटपुटले. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. ते पाळ म्हणाले नाहीत.

ते "बाळ" म्हणाले.

तमिळमध्ये प आणि ब यांना एकच अक्षर आहे. चूक भावजींची नव्हतीच. तो शब्द तमिळ नव्हता, आपला होता. वर्षभर तो सगळ्यांसमोर लिहिलेला होता आणि घरात कुणाला वाचता आला नव्हता.

संध्याकाळी हे टाइपरायटरची रिबन बदलत होते, तेव्हा मी विचारलं. जाऊबाईंना मूल नव्हतं, असंच मला लग्नात सांगितलं होतं. ह्यांचे हात थांबले. म्हणाले, एक झाली होती. मी नववीत होतो. अकरा दिवस राहिली, बारसं दुसऱ्या दिवशी होतं. पाळणा उसना आणला होता, तो परत देऊन आलो. मग कुणी बोललं नाही.

बारसं नाही म्हणून नाव नाही. आणि दात न आलेल्या लेकराला तिळाचं पाणी द्यायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत. वाध्यारांना कळलं असतं तर ते थांबले असते. म्हणून भावजींनी आधी एक अख्खं गाव पुढं घातलं, आणि त्या गर्दीतून तिला आत सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी पडवीत आले. मशीन लावलं नाही, नकाशाची गुंडाळी करू लागले. माझ्या अंगात कुठून बळ आलं, मला ठाऊक नाही. टाइपिंगच्या टेबलावरची पेन्सिल घेतली, कागद पुन्हा पसरला आणि त्या लहान खोलीत, त्यांच्या अक्षरांखाली, आईनं शिकवलेल्या अक्षरांत दोन अक्षरं लिहिली.

भावजींनी चष्मा वर केला. "हे काय लिहिलंस?"

"पट्टा लिहिला, भावजी."

त्यांनी कागद जवळ ओढला. मग त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवत, शाळेतल्या पोरासारखं, मला विचारलं, "यात ब कोणता?"