सातव्या घरात अडखळणारं मशीन

मुलांनो, एका जंगलात एक ऑर्केस्ट्रा होता. असे बघू नका. तुमच्या गल्लीत चालतो, मग जंगलात का चालू नये?

हा ऑर्केस्ट्रा होता येसाबाई साळिंदरीचा. तिच्याकडे दोन जुने सिंथेसायझर होते. एकातून जाड सूर निघायचे, दुसऱ्यातून बारीक. ठेक्याला होता सुतारपक्षी टकाजी. तो सागाच्या पोकळ ओंडक्यावर चोचीने असा ठेका धरायचा की आजारी कासवसुद्धा उठून दोन पावलं नाचायचं, आणि मग पुन्हा आजारी पडायचं.

टकाजीला एकच खोड होती. तो रुसायचा.

खरं सांगायचं तर रुसण्यासारखं होतंही. कुठल्याही लग्नात गायला जो कोणी येई त्याला हार घालत. येसाबाईला नारळ देत. आणि टकाजीला म्हणत, "तो ओंडका जरा बाजूला घ्या, पंगत बसवायचीय."

एकदा लांडग्यांच्या लग्नात नवऱ्याचा मामा ओरडला, "ओ ठोकणारे, जरा हळू!"

टकाजीची चोच हवेतच थांबली.

"ठोकणारे?" तो म्हणाला. "येसाबाई, मी चाललो. ठोकणारा दुसरा बघा."

आणि तो भुर्रकन उडून गेला. त्या लग्नात पुढे ठेक्याशिवाय गाणी झाली. वऱ्हाडाने जांभया दिल्या. लांडग्यांच्या जांभया फार मोठ्या असतात. येसाबाई घाबरून घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती टकाजीच्या झाडाखाली गेली. तिचे काटे मऊ होते, तेव्हापासून दोघं एकत्र वाजवत होती. तिने मान हलवली की त्याला कळायचं, आता कडवं संपतंय. असा जोडीदार पुन्हा कुठून आणायचा?

"टकाजी, आहेस का रे घरात?"

"टकाजी घरात नाही," आतून टकाजीच म्हणाला.

येसाबाई निघून गेली. पुढच्या आठवड्यात अस्वलांकडे हळद होती आणि तिने शब्द दिला होता.

जंगलाच्या टोकाला माणसांनी सोडून दिलेला एक बंगला होता. तिथे पूर्वी कोणी गाणी रेकॉर्ड करत असे. त्याच्या अडगळीत येसाबाईला दोन वस्तू सापडल्या. एक जुनं ड्रम मशीन आणि एक सिक्वेन्सर. तिने आपल्या गळलेल्या काट्याने त्यांच्या फटींतली धूळ काढली, वायरी जोडल्या आणि काजव्यांकडून वीज घेतली.

आता हे कसं चालतं ते सांगतो. ड्रम मशीनवर ओळीने सोळा बटणं होती. ही सोळा घरं समजा. जे बटण दाबाल त्या घरात ठोका पडणार. जे दाबणार नाही त्या घरात मशीन गप्प. एकदा सांगून ठेवलं की तेच पुन्हा पुन्हा वाजत राहणार. सिक्वेन्सरला सोळा खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटी पिळून एकेक सूर ठरवायचा. ड्रम मशीनची एक वायर सिक्वेन्सरला, सिक्वेन्सरच्या वायरी दोन्ही सिंथेसायझरना. मशीन एक घर पुढे गेलं की सिक्वेन्सर एक घर पुढे सरकायचा आणि सिंथेसायझरना सांगायचा, "आता हा सूर लावा." सिंथेसायझर मुकाट्याने लावायचे.

म्हणजे हुकूम ड्रम मशीनचा. बाकी सगळे ताबेदार. राज्यकारभार असाच चालतो, पण तो धडा तुम्हाला पुढच्या इयत्तेत आहे.

येसाबाई खूश झाली. फक्त एक गडबड होती. मशीन जुनं होतं. दर वेळी सातव्या घरात ते अडखळायचं. अर्धा श्वास थांबायचं आणि मग पुढे जायचं. ते थांबलं की सिक्वेन्सर थांबायचा. सिक्वेन्सर थांबला की सिंथेसायझर ताटकळायचे. सगळेच एकदम लंगडायचे.

तिने बरीच खटपट केली. दोष सापडेना. तोवर हळदीचा दिवस उजाडला.

हळदीला पहिल्या फेरीत सगळे पाहुणे सातव्या घरात एकमेकांवर आदळले. दुसऱ्या फेरीत नवरीचा काका सातव्या घरात एक पाय उचलून थांबला. तो खरं तर पडू नये म्हणून थांबला होता. पण तो वयाने मोठा होता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, ही नाचाची नवी रीत असावी. तिसऱ्या फेरीत सगळं अस्वलकूळ एक पाय उचलून थांबलं. चौथ्या फेरीत मांडव हलायला लागला.

पाहुण्यांत करकोचे सर होते. ते संगीतावर बोलत. त्यांची मान लांब असल्यामुळे ती हलली की लांबूनही दिसे.

"मशीन जुनं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि जरासं..." येसाबाई सांगू लागली.

"वाटलंच! ऊब आहे या ठेक्यात, ऊब! नव्या मशीनमध्ये ती कुठली?"

हे ऐकून एक घोरपड मशीनवर चढली. "आहे खरी," ती म्हणाली आणि तिथेच झोपली.

त्या दिवसापासून जंगलाला वेड लागलं. ससे रस्त्याने जाताना सातव्या उडीला थांबू लागले. कोल्ह्याने त्यातले बरेच खाल्ले, पण फॅशन म्हटली की एवढं चालायचंच. माकडांनी कुठून कुठून जुनी मशीनं जमवायला सुरुवात केली. ती वाजवत नसत. एकमेकांना दाखवत. येसाबाईच्या मशीनला आता पाट मिळाला, डोक्यावर छत्री मिळाली, अंगावर शाल मिळाली. कार्याच्या घरी पोचलं की आधी त्याच्यापुढे लाडूंचं ताट ठेवत.

टकाजी हे सगळं झाडावरून बघत होता. पाऊण जंगल आपल्यावाचून नाचतंय, हे बघवेना. अखेर तो खाली आला.

"येसाबाई, मी परत वाजवीन म्हणतो. मागे बसेन. ओंडकाही बाजूला घेईन."

येसाबाईचे डोळे भरून आले. तिने मशीन बंद केलं, सिंथेसायझर स्वतः वाजवायला घेतले आणि चितळांच्या बारशाला टकाजीला सोबत नेलं.

टकाजी जीव ओतून वाजवू लागला. प्रत्येक घर आपापल्या जागी. सातवंसुद्धा. आणि सातव्या घरात सगळी चितळं एक पाय उचलून थांबली, ठेका पुढे निघून गेला, आणि सगळी धडाधड पडली.

"चोच स्वच्छ आहे," करकोचे सर म्हणाले. "पण सातव्याला घाई होते."

"घाई नाही हो सर! सातवं तिथेच असतं!"

"असेल पूर्वी."

येसाबाईला राहवलं नाही. "अहो सर, ते मशीन बिघडलेलं आहे. ते अडखळतं. हा बरोबर वाजवतोय."

करकोचे सरांनी मान पूर्ण लांब करून तिच्याकडे पाहिलं. "बाई, त्याला बिघाड म्हणत नाहीत. शैली म्हणतात."

टकाजीने स्वतःच ओंडका बाजूला घेतला. या वेळी तो रुसलाही नाही, आणि त्याचीच येसाबाईला जास्त काळजी वाटली. त्या संध्याकाळी तिने मशीनकडे पाठ करून जेवण केलं.

अशात राणीसाहेबांचं डोहाळजेवण आलं. सिंहिणीला डोहाळे लागले होते सातव्या घरात पाय उचलून नाचण्याचे. सिंहमहाराजांनी बजावलं, "राणीसरकारांची हौस पुरी झाली पाहिजे. नाही झाली तर जेवणाचा बेत बदलावा लागेल." बेतात काय येणार हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

सगळं जंगल जमलं. मशीन पाटावर बसलं. राणीसाहेब फुलांचे दागिने घालून उभ्या राहिल्या. येसाबाईने बटण दाबलं.

मशीनमधून ठोका आला नाही. धूर आला.

सिक्वेन्सर पहिल्या घरात हटून बसला. सिंथेसायझर एकच सूर धरून ओरडत राहिले. पुढे सरका म्हणून सांगणारंच कोणी उरलं नव्हतं. येसाबाईचे सगळे काटे उभे राहिले.

"सुरू होतंय ना?" महाराजांनी गोड आवाजात विचारलं.

वरच्या फांदीवर टकाजी बसला होता. तो फक्त जेवायला आला होता. येसाबाईने वर पाहिलं आणि जुन्या सवयीने मान हलवली. टकाजी झपकन खाली उतरला आणि शालीखाली शिरला.

"तिथेच सिक्वेन्सर आहे, त्यावर ते पांढरं बटण बघ," ती कुजबुजली. "चोचीने दाबलंस की एक घर पुढे. ठोका मशीनच्या डब्यावर पायाने दे."

"आणि सातवं?"

"तुला माहीत आहे."

टकाजीने आयुष्यात एकही ठोका चुकवला नव्हता. तो त्याचा अभिमान होता. खरं म्हणजे त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. एक, दोन, तीन, चोच बटणावर पडत गेली. सिक्वेन्सर सरकू लागला. सिंथेसायझर गाऊ लागले. पाच. सहा. येसाबाईने डोळे मिटले.

टकाजीने श्वास घेतला. अर्धा. मग चोच खाली आणली.

सगळ्या जंगलाने एक पाय उचलला आणि बरोबर टेकवला.

मग काय विचारता! राणीसाहेब नाचू लागल्या. टकाजी शालीच्या भोकातून त्यांचे पाय बघत होता. त्या दमल्या की तो ठेका सावकाश करी. त्यांना जोर आला की वाढवी. सिक्वेन्सर आणि सिंथेसायझर त्याच्या मागोमाग येत.

"आज मशीन माझ्या पायांकडे बघून वाजवतंय!" राणीसाहेब हसत म्हणाल्या.

"हेच ते," करकोचे सर शेजाऱ्याला म्हणाले. "जिवंत वादकाला हे कधी जमायचं नाही."

टाळ्या थांबल्यावर येसाबाईने शाल उचलायला हात पुढे केला.

"खबरदार!" आतून आवाज आला.

"अरे, सांगू दे ना सगळ्यांना. नाव होईल तुझं."

"नाव होतं तेव्हा मला ठोकणारे म्हणत होते. इथे कोणी हळू वाजवा म्हणत नाही. बाजूला व्हा म्हणत नाही. आणि येसाबाई, लाडूंचं ताट येतंय, ते जरा आत सरकव."

येसाबाई इतकी हसली की तिचे दोन काटे गळले.

पुढे तिने मशीन खोलून दुरुस्त केलं. ते आता सातव्या घरातही बिनचूक चालू लागलं. एका लग्नात तिने ते लावून पाहिलं. लोक म्हणाले, "नवीन आणलंत का? ती मजा नाही." मग तिने ते बंगल्यात परत ठेवून दिलं आणि शालीखाली रिकामा डबा ठेवला. डब्यात टकाजी आणि सिक्वेन्सर. बाहेर येसाबाई. ती मान हलवायची, त्याला आतून कळायचं. दोघांचे दिवस मोठे मजेत जाऊ लागले.

त्या वर्षी महाराजांनी डब्याला 'वनभूषण' किताब दिला. करकोचे सरांनी भाषण केलं. "या मशीनने कधी मान मागितला नाही," ते गहिवरून म्हणाले. "कधी रुसलं नाही. कलाकाराने असं असावं!"

डब्यात टकाजीला हसू आवरेना. हसताना त्याची चोच बटणावर कशीही आपटत राहिली, सिक्वेन्सर भलत्याच घरांत धावत सुटला आणि सिंथेसायझर किंचाळू लागले.

सगळ्यांनी करकोचे सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे पुसले आणि सगळं जंगल उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

तात्पर्य: मुलांनो, आपले दोष घाईघाईने सुधारू नयेत, जरा जुने होऊ दिले की लोक त्यांना शैली म्हणतात. आणि एखाद्या गुणी माणसाचा मान राखणं फारच जड जात असेल, तर त्याच्यावर शाल टाकून त्याला मशीन म्हणावं. मग सगळ्यांनाच सोपं जातं.