बांडीचा खुराक

"गाय म्हणजे दुसरं काय, आक्का? चार पायांचं घड्याळ. आत योग्य ते गेलं की बाहेर योग्य तेच येणार."

घड्याळजी हे बोलले ते भर गोठ्यात, छाती पुढे काढून आणि डावा पाय शेणात ठेवून. जन्मभर त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. डोळे दमले तेव्हा दुकान बंद केलं आणि बायकोला घेऊन थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आक्कांकडे, राहायला आले. आक्कांकडे दोन गाई. तांबडी दूध द्यायची. अंगभर पांढरेकाळे पट्टे मिरवणारी बांडी मुख्यतः माया द्यायची. तिच्या दुधानं बादलीचा तळ झाकला गेला की आक्का त्यालाच नशीब म्हणायच्या. शेवटी त्यांनी तिला विकायचं ठरवलं. गुरांचा व्यापारी येऊन पाहूनही गेला.

इकडे घड्याळजींच्या बायकोचा बांडीवर भलताच जीव जडलेला. "ती गेली तर मी जेवणार नाही," ती म्हणाली. ती जेवणार नाही म्हणजे चूलही पेटणार नाही, हे एवढ्या वर्षांच्या संसारानंतर घड्याळजींना वेगळं सांगायला नको होतं.

"दोष गाईत नाही, खुराकात आहे," ते आक्कांना म्हणाले. "व्यापारी परत येईपर्यंत बांडी माझ्या ताब्यात दे. तिला माझा खुराक देतो, मग दोघींच्या बादल्या शेजारी ठेवू. बांडीची तांबडीच्या बरोबरीला आली नाही तर खुशाल विक."

"शब्द?"

"शब्द."

"अहो," दारातून बायको म्हणाली, "शब्द द्यायला गाय तुमची आहे का?"

पण तोवर घड्याळजींनी बाह्या सरसावल्या होत्या. त्यांनी वैरण बोटभर लांबीची कापली, सगळे तुकडे एकसारखे, शाळेत कवायतीला उभे केल्यासारखे. पेंड, कोंडा, मक्याचा बारीक भरडा, मीठ आणि खनिजांची पूड, सगळं मोजून. तराजू त्यांच्या दुकानातला, घड्याळाचे स्क्रू तोलायचा. त्यावर पेंड चिमटीचिमटीनं तोलायची म्हणजे बांडीच्या न्याहारीला दुपार व्हायची. तांबडीला मात्र आपला जुनाच कडबा.

आणि दुकानातला एक नियम त्यांनी गोठ्यातही आणला. चावी दिली की घड्याळाला हात लावायचा नाही, त्याच्याकडे टक लावून बसायचंही नाही. खुराक गव्हाणीत ओतायचा, गोठ्याचं दार ओढून घ्यायचं आणि निघून यायचं. परत जाऊन पाहावं तर बांडीची गव्हाण चाटूनपुसून लख्ख. घड्याळजी खूश.

मग आक्का धारा काढायला बसल्या. बादल्या शेजारी ठेवल्या. तांबडीची बादली कधी नव्हे ती काठाला टेकलेली. बांडीचा तळसुद्धा नीट झाकलेला नाही.

"अरे," आक्का म्हणाल्या, "तू खायला नक्की कुणाला घालतोयस?"

"बांडीला. माझ्या हातानं."

"तांबडीला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही."

घड्याळजींनी चष्मा पुसून परत पाहिलं. बादल्या तशाच. बांडीचा खुराक वाढवला, तर तांबडीचं दूध वाढलं. वैरण आणखी बारीक केली, तर तांबडी आणखी खुलली. माणसानं एका घड्याळाला चावी द्यावी आणि शेजारच्या भिंतीवरचं वाजावं, तसला प्रकार. वर बांडीची बरोबरी जिच्याशी लावायची तीच रोज पुढे पळायला लागलेली.

घरातही काहीतरी बिघडलं होतं. जेवताना त्यांनी भात मागितला.

"संपला," बायको म्हणाली.

"आत्ता तर पातेलं भरलेलं होतं."

"तुम्हाला हल्ली भूक फार लागते."

त्यांना आठवेना आपण कधी जेवलो ते. उठून अंगणात आले तर आक्का पदराला हात पुसत गोठ्यातून बाहेर पडत होत्या.

"आत काय करत होतीस?"

"झाडत होते."

"झाडू कुठाय?"

"तोच शोधत होते."

बांडी तर दिवसेंदिवस उदास. रवंथ बंद, शेण पातळ, नजर सावकाराकडे गहाण पडल्यासारखी शून्यात. घड्याळजींनी डोळ्याला दुकानातलं भिंग लावून तिच्या तोंडात पाहिलं. पोटाला कान लावला. आतून खळखळ ऐकू आली, पण कुठला काटा अडकलाय ते कळेना. शेवटी त्यांचाही धीर सुटला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तराजूला न कळू देता एक ओंजळ पेंड तिच्यापुढे टाकली. मग आणखी एक. असं रोज व्हायला लागलं.

व्यापारी यायचा त्या सकाळी बांडी उठलीच नाही. घड्याळजींची बायको तिच्या मानेवर हात फिरवत बसली, आणि चूल थंड. आक्कांनी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं. त्या आणि व्यापारी दारात एकदमच पोचले.

डॉक्टरीणबाईंनी बांडीची डावी कूस चाचपली, तोंडाचा वास घेतला. "हिला खायला कोण घालतं?"

"मी," घड्याळजी म्हणाले. "एकटा. तोलून."

"तोंडाला आंबलेल्या भाताचा वास येतोय, काका."

"माझ्या खुराकात भात नाही."

बायकोनं बांडीच्या मानेवरचा हात हळूच काढून घेतला. "म्हटलं, चिमटीनं तोलून कुणाचं पोट भरतं का," ती पुटपुटली.

बाईंनी काडीनं शेण उकललं. "मक्याचे अख्खे दाणे."

"मी भरडून देतो," घड्याळजी म्हणाले, आणि सावकाश वळून आक्कांकडे पाहू लागले.

"माझ्याकडे काय बघतोस? गिऱ्हाइकाला अंगानं भरलेली दिसावी म्हणून टाकले थोडे दाणे."

"आणि काल धार काढताना डोळे पुसत होतीस ते?"

"शेपटी लागली होती."

"पेंडही जास्त झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता घड्याळजींनी आढ्याकडे पाहिलं. आढ्यावर बराच वेळ पाहण्यासारखं काही नव्हतं. "आणि गव्हाणीखाली पडलेत ते पावाचे तुकडे कुणाचे?"

व्यापाऱ्यानं हातातली पिशवी पाठीमागे नेली. "बाजाराला येता-जाता गोठ्यात डोकावून द्यायचो," तो म्हणाला. "विकत घ्यायची म्हणजे आधी ओळख नको?"

"सगळ्यांनी मिळून हिच्या पोटात आंबट हौद केलाय. ही खुराकाला तोंड कसं लावेल?"

"लावते की," घड्याळजी कळवळून म्हणाले. "गव्हाण रोज लख्ख असते."

तेवढ्यात शेजारी खसखस ऐकू आली. तांबडीनं दाव्याला ताण देऊन मान लांब केली होती आणि बांडीच्या गव्हाणीतला आजचा तोललेला खुराक ती शांतपणे, एकही तुकडा वाया न घालवता, संपवत होती. तिनं खनिजांची पूडसुद्धा चाटली.

व्यापारी खाकरला. "आक्का, गावाला ठाऊक आहे, शब्द ठरला होता. बादली बरोबरीला आली नाही. बांडी मी घेऊन जातो."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. घड्याळजी बांडीचं दावं घट्ट धरून उभे राहिले.

"थांब," आक्का म्हणाल्या. "शब्द याच्या खुराकाचा होता. तो बांडीनं खाल्लाच नाही. मग ती हरली कशी?"

"मग हरलं कोण?"

सगळ्यांनी विचार केला. घड्याळजींचा खुराक खरा ठरला होता, पण भलत्याच गाईवर. आक्का पैज जिंकल्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं ते बांडी राहिल्याचं.

"तांबडी देता का मग?" व्यापाऱ्यानं विचारून पाहिलं.

"ती तर जिंकली. तिला कशी देऊ?"

डोकं खाजवत तो निघून गेला. पिशवीतले उरलेले पाव त्यानं रस्त्यानं स्वतःच खाल्ले म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी सोडा पाजला आणि बजावलं, पोट ताळ्यावर येईपर्यंत नुसता कोरडा कडबा. पुढे एकाच हातानं, ठरलेल्या वेळी. गव्हाणींमध्ये फळ्या ठोकल्या, दोघींना तोच खुराक सुरू झाला आणि बांडीची बादली हळूहळू चढू लागली. तांबडीला तिनं कधी गाठलं नाही, पण बादल्या शेजारी ठेवायचं आक्कांनी कधीच सोडून दिलं होतं.

वेळ चुकू नये म्हणून घड्याळजींनी आपलं सगळ्यात लाडकं भिंतीवरचं घड्याळ गोठ्यात टांगलं. बांडी त्याच्या ठोक्याला हंबरायला शिकली. एकदा मात्र ती ठोक्याच्या बरीच आधी हंबरली. घड्याळजी तिला शिस्तीवर चांगलं ऐकवून आले, आणि घरात येऊन पाहतात तर गोठ्यातलं घड्याळच मागे पडलेलं. तीनदा उघडून दुरुस्त केलं, तीनदा मागे पडलं.

आता त्या घरातली सगळी घड्याळं बांडीच्या हंबरण्यावर लावतात. लावायचं काम बायको करते. घड्याळजी तेवढा वेळ अंगणात जाऊन वैरण कापत बसतात.